बेचाळीस डबे आणि एक दुखरी दाढ

प्रिय आणि पूज्य मामी (दोन्ही एकदम लिहितेय, कारण पत्र संपेपर्यंत यातलं एक तरी उपयोगी पडेल),

इथूनच वाकून नमस्कार. मामाचा नवा गुडघा कसा आहे? जुन्यापेक्षा ऐकतो का? मामाला म्हणावं, नव्या गुडघ्याला जुन्या खोडी लावू नकोस, नाहीतर तोही चार दिवसांत कुरकुरायला लागेल. आणि तू तिथल्या लोखंडी बाकावर बसून स्वतःची पाठ धरून घेऊ नकोस. एका घरात एकच पेशंट पुरे. इथे सगळं ठीक. मी ठीक, दुकान ठीक, वीज एकदाही गेली नाही, आणि आपला डीप फ्रीझर तर त्याच्या जन्मात इतका स्वच्छ झाला नव्हता. या शेवटच्या वाक्यावर तू थांबली असशील. ओळखते मी तुला. थांबू नकोस, पुढे वाच. फक्त मामाला मोठ्याने वाचून दाखवू नकोस, कारण डॉक्टरांनी त्याला ताडकन उठून उभं राहायला मनाई केली आहे.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर तू पहिल्याच वाक्याला "थांब, काय केलंस?" म्हणाली असतीस, मग मी रडले असते, मग तू पुढची बस पकडली असतीस, आणि मामा तिथे एकटा नर्सशी भांडत बसला असता. पत्राला मधेच "थांब" म्हणता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर तुमच्या हॉस्पिटलावरून जातो, त्याच्या हाती देतेय. (तो वाचत नाही म्हणतो. तरी पाकीट दोन्हीकडून चिकटवलंय.)

तर जाताना तू मला तीन गोष्टी बजावल्या होत्यास. एक, फ्रीझरचं झाकण उगाच उघडायचं नाही. दोन, आइस्क्रीमचा जुना डबा आधी संपवायचा, नवा नंतर. तीन, शनिवारी त्या मोठ्या हॉटेलचे मुख्य आचारी येतील, त्यांना सगळ्यात ताज्यातलं चाखायला द्यायचं. त्यांनी दर आठवड्याचं काम दिलं तर दुकानाची किल्ली माझ्याकडे कायमची, नाहीतर आईने माझ्यासाठी धरून ठेवलेली विमा कचेरीतली खुर्ची आहेच. ती खुर्ची मी जाऊन पाहिली आहे, मामी. तिच्यावर आधीच्या माणसाच्या बसण्याचा खड्डा आहे. तेवीस वर्षं बसला होता. मला त्या खड्ड्यात बसायचं नाही, हे या पत्रातल्या प्रत्येक ओळीच्या मागे आहे असं समज, म्हणजे पुढचा मूर्खपणा जरा तरी माणसातला वाटेल.

सोमवारी तुम्ही गेलात. मंगळवारी सकाळी मी फ्रीझर उघडला (उगाच नाही, कामासाठी), तर भिंतींवर चार बोटं बर्फ. झाकण नीट बसत नव्हतं. मनात आलं, शनिवारी आचारी पहिल्यांदा डोकावणार तो इथे, आणि त्याला दिसणार काय, तर गुहा. म्हणून मी फ्रीझर साफ करायला काढला. अक्कल नव्हती असं म्हणू नकोस. बेचाळीसच्या बेचाळीस डबे बाहेर काढून थर्माकोलच्या खोक्यांत रचले, वर तुमच्या दोन्ही गोधड्या घातल्या, पंखा बंद केला. अर्ध्या तासात आटपेल असा हिशेब होता. पण तो बर्फ काही आजकालचा नव्हता. लाकडी उलथण्याने ठोकलं, गरम पाण्याचं पातेलं ठेवलं, टेबलफॅन लावला, शेवटी विनवण्या केल्या. सव्वादोन तास लागले. आणि त्या सव्वादोन तासांत, बर्फ सुटायची वाट बघत हात रिकामे होते तेव्हा, माझ्या लक्षात आलं की डब्यांची झाकणं फार चिकट आहेत.

हो. धुतली. सगळी. एकदम. कोमट पाण्यात साबण घालून, घासून, ताटाळ्यात ओळीने उभी करून ठेवली. इतकी सुंदर दिसत होती ती, बेचाळीस पांढरी झाकणं, की मी दारापर्यंत मागे जाऊन एकदा बघून घेतलं. बघताना वाटलं, मामीची शाई किती चांगली, इतकं घासूनही एक अक्षर पुसलं नाही. प्रत्येक झाकणावर तुझ्या अक्षरात प्रकार आणि तारीख स्वच्छ. मग मी डब्यांकडे पाहिलं. डब्यांवर काहीच नव्हतं. मग परत झाकणांकडे पाहिलं. मामी, तू वीस वर्षं तारीख झाकणावर लिहितेस, कारण फ्रीझरमध्ये वरून बघताना झाकणच दिसतं. बरोबर आहे. तुला कसं सुचणार की घरात असं एक माणूस येईल जे मुंड्या सगळ्या एका टोपलीत टाकेल आणि धडं दुसऱ्या?

प्रकार ओळखू येत होते म्हणा. पंधरा व्हॅनिला, बारा कॉफी, नऊ लिंबू, सहा अंजीर. (व्हॅनिला आणि लिंबू दिसायला सारखे, पण वासाने जमलं.) पण बारा कॉफीच्या डब्यांना बारा कॉफीची झाकणं, एक गेल्या आठवड्याचं, एक सात महिन्यांपूर्वीचं, आणि कुणाचं कोण, हे सांगायला देवसुद्धा चष्मा लावून बसला असता. मी वाटेल ती झाकणं वाटेल त्या डब्यांवर बसवली, फ्रीझर सुरू केला, आणि स्टुलावर बसून रडले. मग उठून दारावर पाटी लावली : "आइस्क्रीम विश्रांती घेत आहे. कोल्ड कॉफी मिळेल."

आता तू म्हणशील, एवढं शिकलीस, चाखून कळलं नाही? बुधवारी सकाळी तेच केलं. आधी फोनवर वाचून काढलं : जुनं आइस्क्रीम कडेपासून सुटतं, वर बर्फाची साय धरतं, चमचा करकरतो, जिभेवर रवा लागतो, आणि शेजारच्या वस्तूंचा वास घेतं. वही घेऊन बसले. पहिला चमचा : मलईदार. दुसरा : मलईदार, किंचित शंका. तिसरा : शंका मलाच होती की आइस्क्रीमला, ते कळेना. सातव्या चमच्याला कपाळात खिळा ठोकल्यासारखी कळ आली आणि त्यानंतर मला फक्त एकच चव कळत होती, ती म्हणजे थंड. नवव्या डब्यापुढे वहीत नुसतं "थंड" असं लिहिलंय. अकराव्यापुढे काहीच नाही, एक थेंब पडलाय.

मग दुसऱ्यांच्या जिभा लागणार हे उघड झालं. आणि आपल्या भिंतीला भिंत लागून जिभांचं दुकानच आहे की, डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना! बाहेरच्या बाकावर सकाळपासून चार-पाच माणसं नुसती बसलेली असतात, हातात काही काम नाही, तोंड मोकळं. मी ट्रेमध्ये कप मांडून गेले. पण माझं नशीब बघ. मी गेले तेव्हा आतून बाहेर आलेल्यांचीच गर्दी होती, सगळ्यांना भुलीची इंजेक्शनं दिलेली. एका आजींनी आठही कप खाल्ले आणि आठही उत्तम आहेत म्हणाल्या. एका बाईंचं तोंड फक्त डाव्या बाजूने बधिर होतं, त्या म्हणाल्या, "उजवीकडे ताजं आहे, डावीकडचं काही सांगता येत नाही." एक गृहस्थ काही म्हणाले ते कुणालाच कळलं नाही, पण आइस्क्रीम त्यांच्या शर्टावर फार छान विरघळलं, ते मी लिहून घेतलं.

आणि बाकाच्या टोकाला शिंपीकाका बसले होते. समोरच्या गाळ्यातले, पँटी आखूड करणारे, गालावर हातरुमाल बांधलेले. त्यांची खालची दाढ तीन आठवडे ठणकत होती, आणि ती उघडून आतली नस काढायचा मुहूर्त गुरुवारी सकाळी होता. मी त्यांना ट्रे दाखवलाच नव्हता. तेच म्हणाले, "आम्हाला नाही का विचारायचं? आम्ही काय रांगेत उभे राहिलोय फुकट?" आणि पाचव्या कपातला चमचा त्यांनी सरळ तोंडात घातला.

मामी, रस्त्यावरचा सायकलवाला उतरून बघायला आला. इतके ओरडले. मी घाबरून पाणी द्यायला गेले तर त्यांनी हाताने थांबवलं, डोळे पुसले, आणि सहाव्या कपातला चमचा घेतला. (माणूस जिद्दी. दुसऱ्याच्या पँटीचं माप चुकलं तर स्वतः रात्र रात्र झोपत नाही म्हणे.) सहाव्याला काही नाही. गुळगुळीत गिळला. सातव्याला एक उसासा. मी परत पाचवा दिला, न सांगता, कप बदलून. परत किंकाळी. मधे दुसरे दोन देऊन पुन्हा पाचवा. पुन्हा तीच किंकाळी, त्याच सुरात. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आइस्क्रीम जुनं झालं की त्यात बर्फाचे कण मोठे होतात, आणि ते कण सगळ्यात आधी कुणाला लागणार? उघड्या नसेला! माझ्यासमोर, पायजम्यात, या गावातलं सगळ्यात बारीक मोजमापाचं यंत्र बसलं होतं, आणि उद्या सकाळी ते कायमचं बंद होणार होतं.

मी हात जोडले. काका म्हणाले, "ए पोरी, दाढ आहे माझी. टेप नाही, कुणालाही वापरायला द्यायला." मी म्हटलं, काका, शनिवारपर्यंत. फक्त शनिवारपर्यंत. विमा कचेरीतल्या खुर्चीचा खड्डासुद्धा सांगितला. ते म्हणाले, "खड्डा किती खोल?" मी बोटांनी दाखवला. ते उठले आणि आत डॉक्टरीणबाईंना सांगायला गेले. बाई हातात दात तपासायची आकड्याची सळई घेऊन बाहेर आल्या. "तीन आठवडे मी त्या दाढेला वाचवायला बघतेय," बाई म्हणाल्या, "आणि तू तिला नोकरीला लावलंस?" पण बाईंनाही अंजीर फार आवडतं, हे मला माहीत होतं. शनिवारी संध्याकाळची वेळ मिळाली.

गुरुवार आणि शुक्रवार, दुपारी बारा ते चार, आमची तपासणी चालली. काका गल्ल्याशेजारी खुर्चीत, मी वही घेऊन समोर. एक चमचा आइस्क्रीम, एक घोट कोमट पाणी, दहा मिनिटं विश्रांती. पहिल्या दिवशी मी त्यांच्या दुखण्याला चार पायऱ्या ठरवल्या : उसासा, डोळे मिटणे, खुर्चीचा हात धरणे, आणि आईला हाक मारणे. डब्याच्या अंगावर काका स्वतःच्या खडूने खुणा करायचे, जेवढी कळ तेवढ्या, कापडावर करतात तशा तिरक्या. त्यांना नुसतं ताजं आणि शिळं पटेना. "हे दीड बोट जुनं," म्हणायचे. "हे अंगात बसतं, पण बगलेत ओढतं." त्यांची गिऱ्हाइकं पँटी घेऊन आमच्याच दुकानात यायला लागली आणि उभ्या उभ्या बघत राहायची. एकाने विचारलं, "माझी पँट कधी होईल?" काका डोळे मिटूनच म्हणाले, "दिसत नाही? तपासणी चालू आहे."

शुक्रवारी तीनपर्यंत खुणांप्रमाणे डबे रांगेत लागले. सगळ्यात जास्त खुणांच्या डब्याला सगळ्यात जुनी तारीख, असं करत मी झाकणं बसवत निघाले. आणि अडकले. कारण काकांनी आईला हाक मारली होती असे सगळे डबे सारखेच होते : घट्ट भरलेले, कडा न सुटलेल्या, दिसायला अगदी नवे. मी काकांना म्हटलं, परत एकदा घ्या. त्यांनी घेतलं, जिभेवर घोळवलं, आणि म्हणाले, "हे जुनं नाही गं. हे उसवून परत शिवलंय."

मी स्टुलावर बसले, मंगळवारच्याच. नवे डबे तू वर ठेवतेस. म्हणजे ते मी सगळ्यात आधी बाहेर काढले, आणि सगळ्यात शेवटी आत ठेवले. सव्वादोन तास. तुझे गेल्या आठवड्याचे, सगळ्यात ताजे डबे मी स्वतःच्या हाताने, गोधडी पांघरून, वितळवून परत गोठवले होते. त्यातल्या एकाही तारखेला आता काही अर्थ नव्हता. काका दोन दिवस डब्यांचं वय मोजत नव्हते, माझा मंगळवार मोजत होते. मी झाकणांचा ढीग टेबलावर ओतला आणि म्हटलं, काका, घरी जा. ते गेले नाहीत. वाटीत अंजीर काढून घेतलं आणि म्हणाले, "हा मात्र बरा आहे. उद्या हाच दे."

शनिवारी अकराला आचारी आले. मला वाटलं होतं पोट असेल. उंच, वाळलेला माणूस, शर्टाच्या खिशात पेनासारखा स्वतःचा चमचा. फ्रीझरमध्ये डोकावून म्हणाले, "स्वच्छ आहे." (एवढ्यासाठी मी हे सगळं केलं होतं. दोन शब्द.) शिंपीकाका लग्नातला कोट घालून कोपऱ्यात बसले होते. मी खुणा नसलेला अंजिराचा डबा काढला. आचाऱ्यांनी चमचा कडेने घातला, वळवला, तुकड्याकडे उजेडात पाहिलं, खाल्लं. परत खाल्लं. मग विचारलं, "कधीचं आहे?"

मामी, झाकण माझ्या हातात होतं. त्यावर तुझ्या अक्षरात मागच्या महिन्याची एक छान तारीख होती. नुसतं वाचायचं होतं. खोटंही ठरलं नसतं कदाचित. सहातलं एक झाकण खरंच त्याचं होतं. मी तोंड उघडलं आणि तोंडातून बाहेर पडलं, "माहीत नाही." मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं, झाकणं, गोधड्या, दाढ, सगळं. दाढेचं आलं तेव्हा आचाऱ्यांनी वळून कोटाकडे पाहिलं, आणि काकांनी गाल पुढे केला.

"तारीख नसलेला डबा माझ्या फ्रीझरमध्ये जात नाही," ते म्हणाले. "माझा नियम आहे." मी मान हलवली. मला तो खड्डा दिसायला लागला. त्यांनी अंजिराची अख्खी वाटी संपवली, चमचा रुमालाने पुसला, खिशात ठेवला. "हे करतं कोण?" मी म्हटलं, मामी. "कुठे आहेत?" हॉस्पिटलात, मामांजवळ. "मग तू करतेस का?" मी म्हटलं, हो. "पुढच्या शनिवारी येतो. एक डबा अंजीर. नवं केलेलं. तारीख डब्याच्या अंगावर." आणि गेले.

तर असं आहे. एकूण बातमी वाईट नाही, नीट पाहिलं तर. बिनखुणेचे डबे मी दुकानात कपातून विकतेय, उसवलेले कोल्ड कॉफीत घुसळून संपवतेय, फुकट काही जाणार नाही. डब्यांच्या अंगावर तारखा लिहायला पक्की चिकटपट्टी आणलीय. मामाला सावकाश, पडल्या पडल्याच, जेवढं झेपेल तेवढं सांग. त्याला माझा नमस्कार, नव्या गुडघ्यालाही.

तुझी भाची,
(मामाच्या भाषेत) अतिशहाणी

ता. क. काल संध्याकाळी शिंपीकाकांच्या दाढेचं काम झालं. मी बिस्किटं घेऊन गेले आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, माझ्यामुळे बिचाऱ्यांनी तीन दिवस किती सोसलं. बाई हसायलाच लागल्या. "मी कशी सोडेन त्यांना तसं? बुधवारी संध्याकाळीच औषध भरलं होतं. त्यानंतर दुखलीच नाही." मी काकांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. म्हणजे गुरुवार-शुक्रवारचे सगळे उसासे, डोळे, खुर्चीचा हात, आईची हाक, सगळं नाटक! मी म्हटलं, काका, का? ते म्हणाले, "तू वही घेऊन माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस. चाळीस वर्षांत मी सांगितलेलं माप कुणी असं लिहून घेतलं नाही." मग मी विचारलं, दाढ दुखत नव्हती तर ओळखलंत कशाने? "जिभेने," ते म्हणाले. "दुसरं काय असतं?"

आणखी एक ता. क. आचाऱ्यांना मी "हो" म्हटलं ते वर लिहिलंच आहे. मला अंजीर करता येत नाही. मला काहीच करता येत नाही. तू मला दोन वर्षांत फक्त चमचे धुवायला आणि गल्ल्यावर हसायला दिलंस. कृती तुझ्या कुठल्याच वहीत नाही. सगळ्या वह्या पाहिल्या (माफ कर). मामाला विचारू नकोस. त्याला माहीत नाही, आणि माहीत नाही हेही माहीत नाही. किल्ली हवी तर परत घे, पण कृती दे. ड्रायव्हर बुधवारी सकाळी परतीला निघतो, तो तुझ्या वॉर्डाच्या दाराशी थांबेल, हाताने लिहून त्याच्याकडे दे : दूध किती आटवायचं, अंजीर कधी घालायचं, ढवळायचं किती वेळ, सगळं. आणि साखरेपुढे "अंदाजाने" असं लिहिलंस, तर मी ते पान घेऊन पुढच्या बसने तिथे येईन आणि तुझ्या शेजारी त्या लोखंडी बाकावर बसेन, आकडा सांगेपर्यंत.